वाचा-श्रवणाची पदवी आणि महाविद्यालयाची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचे नाव पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर आजवर विद्वानांची भाषणे झाली आहेत, आणि आम्ही तर केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली हाताळलेले एक साधे बी. ए. आहोत. मुलांच्या शिक्षणाविषयी काही बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा इंजिनियरिंग आणि डॉक्टरकी हे दोन विषय आम्ही मुद्दाम टाळले. त्या दोहोंचे तज्ज्ञ भिलाईत प्रत्येक पानठेल्यावर बसलेले असतात. ज्या विषयात आम्ही स्वतः ठेचा खाल्ल्या, वणवण केली आणि थोडेफार शिकलो, त्याच विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार आहे असे आम्ही समजतो.

हा विषय म्हणजे वाचा व श्रवण यांच्या शास्त्राची पदवी. तिचे नाव बी. ए. एस. एल. पी. आमच्या कन्येने हे नाव प्रथम उच्चारले, तेव्हा पहिली दोन अक्षरे ऐकून आम्हांस आनंद झाला. मुलगी विज्ञान शाखा सोडून बापाच्या वाटेने जाणार, असे आम्हांस वाटले. पुढे उलगडा झाला की येथे 'ए' हे अक्षर कलेचे नसून ऑडिओलॉजीचे, म्हणजे श्रवणशास्त्राचे आहे, आणि पुढील तीन अक्षरे वाचा व भाषा यांच्या विकारांच्या अभ्यासाची आहेत. पूर्वी याच शिक्षणाला अनेक ठिकाणी स्पीच अँड हिअरिंगची बी. एस्सी. म्हणत. अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असते.

मुलीच्या मनात ही गोष्ट कशी आली ते सांगितल्याखेरीज पुढचे नीट कळणार नाही. आमचे वडील कारखान्याच्या बांधकामाच्या काळात वर्धा जिल्ह्यातून येथे आले. त्या वेळी कामावरील लोकांसाठी जे कॅम्प पडले, त्यांचे नाव आमच्या वस्तीला कायमचे चिकटले, आणि आमचे घर कॅम्प-१ मध्येच राहिले. मातोश्रींचे सारे आयुष्य येथे गेले. तथापि त्यांची हिंदी भाजीबाजारापुरती आणि शेजारणींपुरती होती. घरात, देवापाशी आणि रागात मराठीच. २०१९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि त्याबरोबर वाचाही गेली. मेंदूच्या डाव्या भागात बहुतेकांच्या भाषेचे केंद्र असते, म्हणून उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर पुष्कळदा वाचाघातही येतो, हे आम्हांस तेव्हा कळले. त्यांना आम्ही बोललेले समजत होते, परंतु शब्द ओठावर येत नव्हता. पाणी मागता येईना. पण सकाळी रामरक्षा सुरू करून दिली तर पुढच्या ओळी आपोआप येत. हा चमत्कार पाहून आम्ही देवाला नमस्कार केला. डॉक्टरांनी सांगितले की हा वाचाघाताचा नेहमीचा अनुभव आहे. पाठांतर आणि संभाषण यांचे मार्ग मेंदूत काहीसे वेगळे असतात.

शहरातील एका रुग्णालयात वाचोपचार करणारा एक तरुण होता. मुलगा दक्षिणेकडील, कष्टाळू आणि मनाने चांगला. हिंदी तो येथे येऊन शिकला होता. तो मातोश्रींना चित्रे दाखवी आणि विचारी, "अम्मा, यह क्या है?" एके दिवशी पोळीचे चित्र होते. मातोश्रींनी बराच वेळ प्रयत्न केला, कपाळावर घाम आला, आणि अखेर त्या म्हणाल्या, "पोळी." त्याने कागदावर चुकीची खूण केली, कारण त्याच्या यादीत 'रोटी' हा शब्द होता. शेजारी बसलेली नात तेव्हा नववीत होती. ती एकदम म्हणाली, "भैया, आजीने बरोबर सांगितले आहे." हे वाक्य तिने मराठीतच म्हटले, इतकी ती उत्तेजित झाली होती. त्या तरुणाचा मोठेपणा असा की त्याने खूण खोडली, वही पुढे केली आणि मराठी शब्द लिहून देण्यास सांगितले. पुढे २०२० साली टाळेबंदीत रुग्णालयात जाणे बंद झाले, तेव्हा त्या वहीवरच नातीने आजीचा अभ्यास घरी चालविला. मातोश्री आणखी दोन वर्षे जगल्या. त्या अवधीत त्यांचे चाळीस-पन्नास शब्द परत आले. त्यात नातीचे नाव होते, आमचे नव्हते. आम्ही ते मनावर घेतले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

या शास्त्राला काम किती, हे भिलाईकरांना सांगावयास नको. रेल मिलमध्ये, प्लेट मिलमध्ये, भट्टीवर तीस-पस्तीस वर्षे काढलेली माणसे या सभागृहात बसली आहेत. आपल्या वार्षिक सभेत आवाज चढतो, त्याचे कारण केवळ मतभेद नव्हे. सततच्या गोंगाटाने कानातील सूक्ष्म पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर पडतो. म्हणून माणसाला 'ऐकू येते, पण समजत नाही' अशी अवस्था येते आणि घरच्यांना वाटते की बाबा मुद्दाम लक्ष देत नाहीत. हा बहिरेपणा कायद्याने कळविण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत आहे. दुसऱ्या टोकाला नवजात बालके. बाळाच्या श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा असे हे शास्त्र सांगते. आपल्याकडे मूल दोन वर्षांचे होऊन बोलत नाही, तेव्हा कोठे 'याचे काकाही उशिरा बोलले' ही चर्चा सुरू होते. या दोन टोकांच्या मध्ये तोतरेपणा, दुभंगलेला टाळू, शिक्षकांचे बसलेले आवाज, गिळण्याची अडचण, श्रवणयंत्रे, कॉक्लियर इम्प्लांटनंतरचे दीर्घ शिक्षण असा मोठा प्रदेश आहे.

आणि एक गोष्ट आपल्या मंडळातील घरांशी विशेष निगडित आहे. आपली मुले घरी मराठी, शाळेत हिंदी व इंग्रजी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलतात. आपले मूल 'बाळ' या शब्दाला 'बाल' म्हणते, 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'माझे पुस्तक' न म्हणता 'माझी पुस्तक' म्हणते. हा वाचादोष आहे काय? मुळीच नाही. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, छत्तीसगढीत 'ण'चा 'न' होतो, आणि हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. मूल या भाषांचे नियम पाळते आहे. परंतु त्याच वयाचे मूल जर 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर ते तपासून घ्यावे लागेल. हा भेद ओळखण्यास दोन्ही भाषा जाणणारा कान हवा. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मूल उशिरा बोलू लागले. त्यांना कोणीतरी सल्ला दिला की घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. त्यांनी तसे केले. आजोबांचे मराठी आणि आईचे मोडके हिंदी यांच्यात ते मूल दीड वर्ष गप्पच राहिले. पुढे मुंबईस तपासणी झाली तेव्हा कळले की त्याला कानाने कमी ऐकू येत होते. मराठीचा त्यात काडीचा अपराध नव्हता. घरात दोन भाषा असल्याने मुलाचे बोलणे अडत नाही, हे या शास्त्रात आता सर्वमान्य आहे. परंतु ते दीड वर्ष त्या आजोबांना कोण परत देणार?

आता निवडीकडे वळतो.

आम्ही कचेरीतला माणूस असल्याने पहिला प्रश्न कागदाचा विचारला, आणि तो प्रश्न पहिलाच असावा असे आमचे अजूनही मत आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. या परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत चढते, आणि नोंद नसताना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. विद्यापीठ मोठे आहे, इमारत संगमरवरी आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे, हे सारे ठीक. परंतु या एका अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता नसेल तर ती पदवी भिंतीवर टांगण्यापुरती. शिवाय ही मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती असते. संस्थेच्या माहितीपत्रकात 'मान्यताप्राप्त' हा शब्द ठळक छापलेला असतो. मुदत छापलेली नसते. म्हणून परिषदेची स्वतःची यादी पहावी, पत्राचा क्रमांक व दिनांक मागावा, आणि आपले मूल ज्या वर्षी प्रवेश घेणार ते वर्ष त्या मुदतीत बसते की नाही हे बोटाने मोजावे. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीने दूरच्या एका खासगी संस्थेत पैसे भरले. मान्यतेचे नूतनीकरण 'होतच आहे' असे तेथील कचेरीने सांगितले होते. सरकारी नोकरीत 'होतच आहे' या शब्दांचा अर्थ आम्हांस पूर्ण ठाऊक असूनही आमच्या सहकाऱ्याने विश्वास ठेवला. एक वर्ष गेले, फीचा मोठा भाग गेला, आणि मुलीला दुसरीकडे पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागला.

कागद बरोबर आहे अशा संस्था मग उरतात किती? बऱ्याच, आणि त्यांत काही नामवंत आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत असून या क्षेत्रात तिचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि १९७६ साली त्या पदावर असतानाच निवर्तले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. या संस्थेची प्रादेशिक केंद्रे कोलकाता, सिकंदराबाद आदी ठिकाणी आहेत. कोलकाता तर आपल्या हावडा मार्गावरच. मुंबईतच महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयाशी जोडलेले शिक्षण जुने व नावाजलेले आहे. पुण्यास भारती विद्यापीठाचे विद्यालय आहे. दक्षिणेत बंगळूर, मणिपाल, चेन्नई येथेही चांगली केंद्रे आहेत. प्रवेशास सामान्यतः बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र अथवा गणित लागते. परीक्षेची रीत मात्र संस्थेगणिक निराळी असते आणि वरचेवर बदलते. तेव्हा गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाने काय केले हे विचारण्यापेक्षा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

नावांची यादी हाती आली म्हणजे निवड झाली, असा आमचा समज होता. तो कन्येने दूर केला. ती म्हणाली, "बाबा, आजीच्या वेळी त्या भैयाकडे यंत्र होते, पदवी होती, मनही होते. मराठी नव्हती, आणि आजीसारखे रुग्ण त्याने शिकताना फारसे पाहिले नव्हते. मला रुग्ण कोठे पहायला मिळतील ते बघा." आम्हांस ते पटले. मग आम्ही दोघांनी एक उद्योग केला. निवडलेल्या दोन-तीन ठिकाणी आम्ही प्राचार्यांची वेळ न घेता सोमवारी सकाळी जाऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलो. कचेरीत नव्या जागी बदली झाली की आम्ही पहिला दिवस असाच आवक-जावक विभागात काढीत असू. सारे तेथे कळते. एका ठिकाणी, त्याचे नाव घेत नाही, दहापासून एकपर्यंत चार रुग्ण आले आणि त्यांच्याभोवती पांढरे कोट घातलेली वीस मुले उभी होती. ध्वनिरोधक खोलीला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. तेथील माहितीपत्रक सर्वांत सुंदर होते. दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, भिंतीला ओल, बसायला जागा नाही. परंतु लहान मुले, म्हातारी माणसे, तान्ही बाळे यांची रीघ लागलेली. दोन-दोन विद्यार्थी एकेका रुग्णाला घेऊन बसलेले, आणि एक प्रौढ अध्यापिका मागे उभी राहून हळूच चुका सांगत होत्या. रुग्ण गेल्यावर त्या विद्यार्थ्याला विचारीत, "तू त्याला उत्तर द्यायला वेळ किती दिलास?" तो प्रश्न आम्ही आमच्या कचेरीतही एक-दोघांना विचारला आहे.

अशा बाकावर बसून काय पहावे हे आता आम्ही सांगू शकतो. रुग्णालय संलग्न आहे काय, आणि त्यात नाक-कान-घसा विभागाबरोबर बालरोग व मेंदूविकार विभाग आहेत काय. कारण केवळ कानाच्या दवाखान्यात शिकलेल्याला आमच्या मातोश्रींसारखा रुग्ण क्वचितच भेटेल. ऑडिओमीटर सर्वत्र असतो. तान्ह्या बाळाची तपासणी करणारे बेराचे यंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे ते पहावे. कागदावर नावे असलेले अध्यापक प्रत्यक्ष जागेवर आहेत काय ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारावे. मुले खरे सांगतात. इंटर्नशिपचे वर्ष कोठे काढतात हेही तेथेच कळते. काही संस्था नोकरीची हमी देतात आणि ती बहुधा श्रवणयंत्रांच्या दुकानातील असते. त्यात कमीपणा नाही. परंतु मुलीला मुलांबरोबर काम करावयाचे असेल तर हा खुलासा आधी व्हावा.

म्हैसूर की मुंबई, हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने जेवणाच्या पानावर होता. सौभाग्यवतींचे मत म्हैसूरकडे. वसतिगृह, शिस्त आणि नाव या तीन गोष्टी त्यांनी हेरल्या होत्या. आम्हीही केंद्र सरकारचे नोकर, त्यामुळे केंद्रीय संस्थेविषयी आम्हांस घरच्यासारखे वाटते. परंतु तेथे येणारे बहुसंख्य रुग्ण कन्नड बोलणारे. उत्तरेकडील मुले तेथे जातात, कामापुरते कन्नड शिकतात आणि उत्तम तयार होतात, हे खरे. ज्याला पुढे संशोधन करावयाचे आहे त्याने तेथेच जावे, असे आमचे मत आहे. आमच्या कन्येला मात्र नागपूर-रायपूरच्या टापूत काम करावयाचे होते. तिच्यापाशी मराठी, हिंदी आणि गल्लीतली छत्तीसगढी या तीन भाषा फुकटात मिळालेल्या होत्या. परक्या मुलखात राहिल्याने आपल्या मुलांचे मराठी बिघडले म्हणून आपण या मंडळात पन्नास वर्षे हळहळत आलो. या एका व्यवसायात तेच मिश्र भांडवल कामास येते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मुंबईच्या रुग्णालयात मराठी आणि हिंदी दोन्ही रोज कानी पडतात. म्हणून मुंबई. यादीत तिचे नाव बरेच खाली होते. दुसऱ्या फेरीपर्यंत वाट पहावी लागली आणि त्या पंधरा दिवसांत सौभाग्यवती आमच्याशी मोजकेच बोलल्या.

खर्चाविषयी थोडक्यात. सरकारी व खासगी फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मुंबईत फीपेक्षा राहण्याचा खर्च जड जातो. या पदवीनंतर एम. एस्सी. करावयाची असल्यास श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा या दोन शाखा वेगळ्या होतात, आणि परदेशी जाण्याचा विचार असेल तर केवळ बी. ए. एस. एल. पी. वर अमेरिकेत व्यवसाय करता येत नाही, तेथे त्यापुढील पदवी लागते. सरकारी नोकऱ्या आहेत. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यांत जिल्हा पातळीवर या तज्ज्ञांची पदे धरलेली आहेत. अनेक पदे कंत्राटी असतात, हेही सांगितले पाहिजे.

कन्या आता इंटर्नशिपच्या वर्षात आहे. गेल्या महिन्यात तिचा दूरध्वनी आला. वाचाघात झालेले एक गृहस्थ आले होते. मूळचे गोंदियाकडचे, मुलाकडे मुंबईस राहणारे. तिने पोळीचे चित्र दाखविले. ते म्हणाले, "रोटी." तिने विचारले, घरी काय म्हणता? सूनबाई म्हणाल्या, आम्ही घरी हिंदीच बोलतो. "मग मी बरोबरची खूण केली, बाबा," असे ती म्हणाली.

तिच्या वहीत तिने पाहिलेल्या संस्थांची टिपणे आहेत. ज्या पालकांना हवी असतील त्यांनी रविवारी सकाळी कॅम्प-१ मध्ये आमच्या घरी यावे. फीचे आकडे सौभाग्यवतींपाशी आहेत, ते आम्हांस विचारू नयेत. आता कोणास प्रश्न असल्यास विचारावेत. मागच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळींनी पुढे येऊन बसावे, म्हणजे आम्हांस मोठ्याने बोलावे लागणार नाही.